काढणाऱ्या हाताची कोठी

पोषण आहाराचा चार्ज हौसेनं मागून घेतलेला शिक्षक मी अजून पाहिलेला नाही. तो गळ्यात पडतो. देवगाव फाट्याच्या परिसरातल्या जिल्हा परिषद शाळेत बदलून आले तेव्हा माझ्याही पडला. मुख्याध्यापक सरांनी एक कुलूप, दोन किल्ल्या आणि रजिस्टरांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि "मॅडम, आजपासून कोठी तुमच्याकडं" एवढं बोलून ते केंद्राच्या बैठकीला निघून गेले.

सेलूचा, जिंतूरचा आणि मंठ्यावरून जालन्याला जाणारा रस्ता या फाट्यावर भेटतो. चहाची हॉटेलं, खत-बियाण्यांची दुकानं, एसटीची वाट बघणारी माणसं. घरातलं मीठ संपलं तर पोराला पळवावं आणि फोडणी तडतडायच्या आत पुडा यावा, इतकं सगळं जवळ. शाळेच्या खिचडीला ही मुभा नाही. जे लागेल ते कोठीतूनच काढायचं आणि जे निघेल ते ग्रॅममध्ये लिहायचं. पहिली ते पाचवीच्या मुलामागं १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला हेच १५०, ३० आणि साडेसात. लहान वर्गांत शंभर मुलं आली तर दहा किलो तांदूळ, दोन किलो डाळ, अर्धा किलो तेल. मुलं किती आली हे हजेरी झाल्याशिवाय कळत नाही, म्हणजे माप ठरतं हजेरीनंतर आणि भात उतरायला हवा मोठ्या सुट्टीच्या आधी. मधला जो वेळ आहे त्यातला किती कोठीत जातो, याकडं रजिस्टर बघत नाही.

कोठी म्हणजे एका जुन्या वर्गखोलीचा अर्धा भाग. ती माझ्याकडं आली तेव्हा बघायला अगदी नीटनेटकी होती. भिंतीला लावलेल्या फळ्यांवर डबे ओळीनं, प्रत्येकावर ठळक अक्षरांत चिठ्ठी, आणि क्रम रजिस्टरातल्या पानांचा: आधी तांदूळ, मग डाळी, मग कडधान्यं, मग तेल, मीठ, हळद, तिखट, जिरं, मोहरी. तपासणीला येणाऱ्यांना ही मांडणी फार आवडायची. एक पान उलटायचं, एक डबा बघायचा, बरोबरची खूण करायची. एक साहेब तर म्हणाले होते, कोठी असावी तर अशी.

आमच्या मावशींचं मत वेगळं होतं, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. 'स्वयंपाकी तथा मदतनीस' हे त्यांचं कागदावरचं नाव. मानधन तुटपुंजं, तेही वर्षाचे दहाच महिने. त्या कोठीत शिरायच्या, खिडकीखालच्या कट्ट्यातून तांदूळ काढायच्या, तो स्वयंपाकाच्या शेडमध्ये ठेवून परत यायच्या, समोरच्या भिंतीवरून डाळ, पुन्हा परत, मग स्टुलावर चढून वरच्या फळीवरची मोहरी, दुसऱ्या टोकाचं मीठ. मोहरी वर का, तर रजिस्टरात ती शेवटी म्हणून. मी एकदा सहज म्हटलं, मी काढून देते, तुम्ही चुलीपाशी थांबा. त्या हसल्या. "तुमी द्या, पण मी मागीन तसं द्या. लिवल्यासारखं देऊ नका."

त्या मागत गेल्या आणि मी देत गेले, आणि त्या दिवशी मला कळलं की खिचडीचा एक क्रम असतो आणि तो रजिस्टरात कुठंच नाही. आधी तांदूळ आणि डाळ एकदम, कारण दोन्ही निवडून, धुऊन निथळत ठेवायची. त्यानंतर बराच वेळ कोठीतलं काही लागत नाही. मग एका दमात तेल, मोहरी, जिरं, हळद, तिखट. यात मोहरी तडतडल्यावर हळदीसाठी खोलीभर फिरायला लागलं तर फोडणी करपली म्हणून समजा. मीठ सगळ्यात शेवटी, आणि तेही मावशींच्या मुठीनं.

घरी बायका हे न सांगता करतात. मिसळणाचा डबा ही काय दुसरी गोष्ट आहे? फोडणीला लागणाऱ्या सात वस्तू एका झाकणाखाली. कुठल्याही वाण्याच्या यादीत त्या शेजारीशेजारी नसतात, बाईच्या हाताखाली मात्र असतात. शाळेत आल्यावर ही अक्कल आपण उंबऱ्याबाहेर का ठेवतो, याचं उत्तर मला एकच सुचतं. घरातली मांडणी वापरणारी करते. शाळेतली मांडणी हिशोब देणारा करतो.

आम्ही दोघींनी मग सगळं काढलं आणि नव्यानं लावलं. कल्पना सगळी मावशींची; मी फक्त रजिस्टर सांभाळलं. दाराशेजारी उभ्या माणसाच्या कंबरेच्या उंचीला एक फळी आली. तिच्यावर स्टीलच्या खोल ताटात फोडणीचा सगळा संच, म्हणजे ताटच उचलून चुलीपाशी न्यायचं आणि काम झाल्यावर परत आणायचं. त्याच्या खालच्या फळीवर चालू आठवड्याच्या डाळी. मोठा साठा मागच्या भिंतीला. सोमवारी सकाळी आठवड्यापुरता माल मागून पुढं येतो, आणि तो मोजूनच येतो. यातून हिशोबाचीही सोय झाली, कारण मागचा साठा आठवड्यातून एकदाच हलतो, रोज चिमूट चिमूट कमी होत नाही. तपासणीचे साहेब आले की त्यांना मागची भिंत दाखवायची.

जुन्या घरांत हे दोन कप्पे वेगळेच असत, हे मला नंतर लक्षात आलं. आमच्या मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांत भिंतीच्या पोटात बळद असायचं, वरून धान्य ओतायचं आणि लिंपून टाकायचं. जमिनीत पेव असायचं. पेवात धान्य वर्षानुवर्षं टिकतं ते आत हवा खेळत नाही म्हणून, किडा गुदमरतो. घाईनं उतरलेला माणूसही गुदमरतो, म्हणून आधी दिवा सोडून बघायचे. उतरंडीचंही तसंच. सगळ्यात खालच्या मडक्यात हात घालायचा तर वरची सगळी उतरवावी लागतात, त्यामुळं उंदीर, चोर आणि घरातली खादाड पोरं तिघांपासूनही बचाव. ही सगळी साधनं ठेवण्यासाठी होती, काढण्यासाठी नव्हती. काढण्यासाठी होते चुलीजवळचे कोनाडे, फडताळ, शिंकं. आता आपल्याकडं एकच खोली आणि एकसारखे डबे, आणि दोन्ही कामं त्यांच्याकडूनच करून घ्यायची. मोठ्या शहरांतल्या स्वयंपाकघरांत बाहेर ओढायच्या जाळ्या आणि फिरत्या फळ्या बसवतात. छान दिसतात. पण वर्षाचे गहू घरात भरणाऱ्या बाईला त्यांचा कितीसा उपयोग?

मांडणीच्या विषयात सगळ्यात गाजलेलं स्वयंपाकघर जर्मनीतल्या फ्रँकफर्टचं. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुविशारद बाईंनी कामगारांच्या घरांसाठी ते आखलं आणि पुढं तशी सुमारे दहा हजार बसवली गेली. जेमतेम पावणेदोन-दोन मीटर रुंदीची खोली, आणि तिच्यात अॅल्युमिनियमचे ओढायचे खण, प्रत्येकावर साखर, तांदूळ अशी नावं. पीठ तेवढं ओकच्या लाकडाच्या खणात, कारण त्यात पिठाला अळी लागत नाही असं मानत. पावलं मोजून, हालचाली मोजून केलेलं काम. बाईंनी पुढं मोकळेपणानं सांगितलं होतं की ते आखेपर्यंत त्यांनी स्वतः कधी घर चालवलं नव्हतं, स्वयंपाकही केला नव्हता. मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजे आपल्या साहेबावानीच." माझं मत इतकं कडक नाही. बाईंनी निदान पावलं मोजली होती. पण खणावर नाव कोरून टाकलं की ज्या घरात साखरेपेक्षा गूळ जास्त लागतो तिथं काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

चिठ्ठ्या मात्र मी काढल्या नाहीत, यावर आमचा थोडा वाद झाला. मावशींना त्या लागत नाहीत. कुठला डबा कशाचा हे त्यांना अंधारातही कळतं. पण त्या आजारी पडल्या किंवा लेकीच्या बाळंतपणाला गेल्या तर त्यांच्या जागी जी येते तिला सगळं शोधावं लागतं. चिठ्ठी नवख्या माणसासाठी असते. म्हणून आता डब्याच्या पोटावर नाव आहे आणि झाकणावर पारदर्शक चिकटपट्टीखाली त्याच डाळीचे चार दाणे. मसूर आणि तूर नावानं वाचणारीही चुकत नाही, दाण्यानं ओळखणारीही.

खरी परीक्षा तांदळाची. पन्नास किलोचा कट्टा, आणि तो येतो कधी दोन महिन्यांचा एकदम. कट्टा जमिनीवर टेकवला की ओल धरतो, भिंतीला टेकवला की भिंतीची ओल घेतो. मोडक्या बाकांच्या फळ्या जोडून आम्ही खाली मांडणी केली आणि भिंतीपासून हात जाईल इतकं अंतर सोडलं, म्हणजे मागं झाडूही फिरतो आणि उंदराची लेंडीही दिसते. सोंड्यांचं गणित मला गृहविज्ञान शिकलेल्या एका मैत्रिणीनं समजावलं. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेली ती. तिथं बायकांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर बरंच काम होतं, त्यामुळं तिचं बोलणं नेहमी पाठीपासून सुरू होतं: आधी वाकणं कमी करा, मग बाकीचं. ती म्हणाली, सोंड्याची मादी अंडं घालते ते दाण्याला भोक पाडून दाण्याच्या आत, आणि वरून ते भोक बुजवते. अळी आतच वाढते. गरम हवेत साधारण महिन्याभरानं किडा बाहेर येतो. म्हणजे आज स्वच्छ दिसणारा कट्टा आज स्वच्छ असेलच असं नाही. नवा माल पुढं आणि जुना मागं पडला तर मागचा कट्टा किड्यांचं बाळंतघर होतो आणि तिथून सगळ्या कोठीत पसरतो.

जुना माल आधी काढा, हे सांगायला सोपं. रोज वाकून कट्टे सरकवणाऱ्या बायकांना ते करायला लावणं अवघड. यावर उपाय फाट्यावरच्या पत्र्याच्या दुकानात मिळाला: घरोघरी गव्हाला असते तसली पत्र्याची कोठी, वरून भरायची आणि खालच्या झडपेतून काढायची. वर पडतो तो नवा, खालून येतो तो जुना. कुणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही, कुणाला ओरडावं लागत नाही, वाकायचंही काम नाही, झडप घमेल्याच्या उंचीला. गावातल्या एका कुटुंबानं मुलाच्या वाढदिवसाला केकऐवजी ही कोठी शाळेला दिली. कणगीलाही खाली असंच तोंड ठेवून चिंधीचा बोळा कोंबायचे. म्हणजे यात नवीन काही नाही. शाळेत ती कुणाला सुचली नव्हती, एवढंच.

मेपासून जूनच्या मध्यापर्यंत शाळा बंद, हा कोठीचा सगळ्यात वाईट काळ. पत्र्याखाली तापलेली खोली, कुणी दार उघडत नाही, आणि शाळा भरते तेव्हा पावसाची दमट हवा. म्हणून एप्रिलमध्येच बघून बघून माल संपवत आणायचा, उरेल तो निवडून, चाळून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून घट्ट बंद करायचा. डाळी आम्ही उन्हात घालतो, तांदूळ सावलीत. उन्हानं तो तडकतो आणि खिचडीची पेज होते. गोळ्या आणि पावडरी कोठीत येऊ द्यायच्या नाहीत, हा माझा हट्ट. शेतकऱ्याच्या घरात धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या सहज असतात आणि "दोन टाकल्या तर काय होतंय" म्हणणारा कुणीतरी भेटतोच.

निवडण्यावरून आणखी एक गोष्ट झाली. गेल्या काही वर्षांत आलेला तांदूळ पोषक दाणे मिसळलेला होता: शंभर दाण्यांत साधारण एक दाणा तांदळाच्या पिठातून बनवलेला, त्यात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२. हा दाणा थोडा वेगळा दिसतो, कधी पाण्यावर तरंगतो. गावात बोलवा उठली, शाळेत प्लास्टिकचा तांदूळ आला. एक आजोबा मूठभर दाणे रुमालात बांधून घेऊन आले. आणि आमच्या मावशी, कामात चोख, नेमके तेच दाणे खडे समजून वेचून काढत होत्या. सरकारनं ज्यासाठी खर्च केला ते सुपातून उकिरड्यावर. दाणा तोंडात टाकून, शिजवून, आजोबांना भरवून मगच हे मिटलं.

तेलाबद्दल मात्र मी कुणाचंही ऐकत नाही. १६ जुलै २०१३ला बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामनच्या शाळेत दुपारचं जेवण जेवून २३ मुलं गेली. जेवणात मोनोक्रोटोफॉस सापडलं. तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलं गेलं असावं, असं तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं. तेल वेगळं वाटतंय असं स्वयंपाक करणाऱ्या बाईनं आधीच म्हटलं होतं, हेही बातम्यांत आलं होतं. त्याआधी बरोबर नऊ वर्षं, १६ जुलै २००४ला, तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत माध्यान्ह भोजनाच्या चुलीपासून आग लागून ९४ मुलं गेली होती. आमच्या भागात कपाशी आणि सोयाबीन. फवारणीचं औषध घराघरांत, आणि त्याचे रिकामे कॅनही. बायका ते धुऊन पाण्याला वापरतात, रॉकेलला वापरत. म्हणून शाळेच्या कोठीत ज्या डब्याचा आगापिछा माहीत नाही तो डबा येत नाही, मग तो कितीही घट्ट झाकणाचा असो. तेलाच्या पिशव्या एका झाकणाच्या टबात, जमिनीपासून वर. शाळेतल्या फिनेलच्या बाटल्या वेगळ्या खोलीत. सिलिंडर आणि सरपण कोठीत नाही. वाढण्याआधी शिक्षकानं चव घेऊन रजिस्टरात लिहायचं असतं. ते मी लिहिते. पण पहिली चव मावशींच्या नाकाची, आणि "मॅडम, ह्याला वास येतोय" असं त्या म्हणाल्या की ती पिशवी बाजूला, वाद नाही. पिशवी वाया गेली तर मी हिशोब देईन.

कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा शिजवणं थांबलं आणि कोरडा माल पालकांना वाटायचा होता. त्या काळात कोठीचं किराणा दुकान झालं: दारात टेबल, वजनकाटा, मागं भरलेल्या पिशव्या, एका वर्गाचे पालक एका वेळी. फोडणीच्या फळीवर तेव्हा सह्यांचं रजिस्टर आणि सॅनिटायझरची बाटली. दोन वर्षं कुणी मोहरी मागितली नाही.

खरी उलथापालथ झाली २०२४-२५च्या शैक्षणिक वर्षात. तोवर खिचडी आणि उसळ यांवर वर्ष निघत होतं. मग पंधरा पाककृतींची यादी आली: वेगवेगळे पुलाव, मसाले भात, मोड आलेल्या मटकीची उसळ, गोड खिचडी, मूग-शेवग्याचं वरण आणि भात, तांदळाची खीर, नाचणीचं सत्त्व. मुलं खूश झाली. आमची फळी कोलमडली. एका ताटातली फोडणी आता सगळ्यांना पुरेना. खिरीला मोहरी नको, वेलची-गूळ हवा. मोडाची मटकी आदल्या दिवशी भिजवायची असते, म्हणजे ती उद्याचा पदार्थ असूनही आजच काढायची. मावशींनी पदार्थांप्रमाणं नव्हे तर वारांप्रमाणं लावायचं ठरवलं. चालू आठवड्याच्या फळीवर आता सहा टोपल्या, सोमवार ते शनिवार, त्या त्या वाराला जे खास लागतं ते त्या टोपलीत. आणि फोडणीचं ताट वेगळं, रोजचं. मटकी शुक्रवारची असली तर ती गुरुवारच्या टोपलीत, त्या टोपलीच्या कडेला लाल दोरा. हे पाहून एका नव्या गुरुजींनी तक्ता करून भिंतीला लावायची इच्छा दाखवली. तक्ता लावला आहे. सुंदर आहे. मावशी दोऱ्याकडं बघतात.

एक भांडण अजून मिटलेलं नाही. गरम मसाला चुलीजवळच हवा असं मावशी म्हणतात. वाफेनं त्याचे गठ्ठे होतात आणि वास उडतो असं मी म्हणते. दोघींचंही बरोबर आहे. सध्या छोट्या डबीत दोन दिवसांचा बाहेर आणि बाकीचा आत, पण दोन दिवसांचा म्हणजे किती, यावर त्यांची मूठ आणि माझा वजनकाटा जुळत नाहीत. शिवाय सत्त्वाच्या पिशवीला उंदरांनी दोनदा कोपरा पाडला, त्यामुळं यंदाच्या अनुदानातून आधी घट्ट झाकणाचे दोन डबे घ्यायचे आणि मग फळीचं बघायचं, असं शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठरलं आहे. डबे निवडायला फाट्यावर मावशींना घेऊन जायचं, हेही ठरावात लिहून घेतलं.